मान वर करून खाणारी शेळी

[दृश्य: मागच्या पायांवर उभी राहून फांदी ओढणारी शेळी]

मागचे पाय जमिनीवर, पुढचे खोडावर, आणि तोंड थेट कोवळ्या शेंड्याला. शेळीचं खाणं खरं असं असतं, मान वर करून. तिचे चपळ ओठ काट्यांतूनही नेमकं पान टिपतात. एक झुडूप संपायच्या आतच ती पुढच्याकडे वळते.

मुक्त चराईत हे सगळं तिला मिळतं. शिवाय चालणं होतं, खुर आपोआप झिजतात. पण झुडपं संपून नुसतं खुरटं गवत उरलं, की मान खाली जाते. धोका तिथेच असतो. लेंडीतल्या अंड्यांतून जंतांच्या अळ्या निघतात आणि उबदार, दमट हवेत साधारण आठवड्याभरात ओल्या पात्यांवर चढतात. बहुतेक अळ्या जमिनीपासून चार बोटांच्या आतच सापडतात. रक्त पिणारा जंत असाच पोटात जातो. त्याची एक मादी दिवसाला 5,000 हून जास्त अंडी घालू शकते.

[दृश्य: खालची पापणी हलकेच उघडणारा अंगठा]

ही पापणी बघा. लाल असेल तर ठीक. पांढरट होत गेली, तर शेळीचं रक्त कमी होतंय. पापणी बघून रक्त किती कमी झालंय ते ओळखायच्या ‘फामाचा’ नावाच्या पद्धतीत या रंगाच्या 5 पायऱ्या आहेत. फिक्या पापणीच्या शेळ्या निवडून औषध द्यायचं. सगळ्या कळपाला वारंवार पाजलं, की जंत औषधाला दाद देत नाहीत.

[दृश्य: फटींची उंच जमीन, खाली पडलेल्या लेंड्या]

बंदिस्त गोठ्यात लेंड्या फटींतून खाली पडतात आणि चारा गव्हाणीत राहतो, त्यामुळे जंतांचं चक्र तुटतं. खुराक मोजून मिळतो, चालण्यात शक्ती जात नाही, म्हणून करडं वजन लवकर धरतात. मात्र खुर कापावे लागतात. दाटी आणि ओल झाली तर खोकला, करडांना हगवण. धान्याचा अतिरेक झाला तर पोटात आम्ल, बोकडांना मुतखडा.

आम्हाला अर्धबंदिस्त पद्धत सर्वांत पटते. दव सुकल्यावर काही तास झुडपांत, संध्याकाळी गव्हाणीत चारा आणि खुराक. गाभण शेळीला शेवटच्या 6 आठवड्यांत खुराक वाढवायचा, कारण गर्भाची बहुतेक वाढ तेव्हाच होते. आणि पद्धत कोणतीही असो, जन्मलेल्या करडाला पहिल्या तासाभरात चीक पाजायचा.