लोखंडाच्या बाजाराला लागून चुंबकवाले

हे कळंबोलीचं स्टील मार्केट. ट्रेलर, क्रेन, सळ्यांचे भारे, नजर जाईल तिकडे लोखंड. आणि इथून जवळच, न्यू पनवेलच्या सेक्टर १८ मध्ये, भारतीय भूचुंबकत्व संस्था. पृथ्वीचं चुंबकत्व मोजणाऱ्यांचं हेड ऑफिस नेमकं इथे! अर्थात त्यांची सगळ्यात जुनी, आजही चालू असलेली नोंद इथली नाही, त्यासाठी आपण आता अलिबागला आलोय.

मुळात हे काम मुंबईतल्या कुलाबा वेधशाळेचं, १८४१ पासूनचं. १८५९ मध्ये सूर्यामुळे आलेलं प्रचंड चुंबकीय वादळ कुलाब्याच्या वहीत उतरलं आणि आजही जगभरचे लोक तेच आकडे काढून बसतात. मग मुंबईत विजेची ट्राम यायची ठरली, करंटमुळे रीडिंग बिघडणार, म्हणून १९०४ ला अलिबागची ही वेधशाळा. डायरेक्टर होते नानाभाई मूस. बरं, नवीन सुरू झालं म्हणून जुनं लगेच बंद नाही केलं, १९०६ पर्यंत दोन्हीकडे एकदमच मोजत राहिले, म्हणजे नोंदींचा सांधा बरोबर बसावा.

भिंती बघा, पोरबंदरचा दगड, तोही आधी तपासून घेतलेला. आत लोखंड नाही. किल्ल्या, मोबाईल, बेल्ट बाहेर काढून ठेवायचे. आता हे यंत्र, थिओडोलाईटच, म्हणजे दुर्बिणीने कोन मोजायचं यंत्र, पण त्याच्या दुर्बिणीवर चुंबकत्व मोजणारा सेन्सर बसवलाय. आधी खिडकीतून लांबची ठरलेली खूण धरायची, मग दुर्बीण हळूहळू फिरवत सेन्सरचं रीडिंग शून्यावर आणायचं आणि कोन लिहायचा, मग दुर्बीण उलटी करून पुन्हा तेच. ऑटोमॅटिक यंत्रं आहेतच, पण त्यांचा झिरो तपासायला अजून माणूसच लागतो.

या नोंदींचा उपयोग सॅटेलाईट, जीपीएस, वीजेच्या लाईनी, सगळीकडे होतो.

कंपनी सरकार गेलं, इंग्रज गेले, पण या कामाला दरवर्षी पैसे मिळत राहिले. आमच्याकडच्या कॉलेजातल्या प्राध्यापकाला मात्र प्रोजेक्ट मिळतो साधारण तीन वर्षांचा, तो संपला की यंत्रावर कव्हर. २०२३ च्या कायद्याने अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशन, म्हणजे संशोधनाला पैसे देणारी केंद्राची संस्था आली, राज्यांच्या विद्यापीठांना, कॉलेजांना मोठ्या संस्थांशी जोडायची स्कीमही आली, चांगलंच आहे. २०२८ पर्यंत ५० हजार कोटी, पण त्यातले ३६ हजार कोटी सरकारबाहेरून यायचेत. रोज उठून तोच कोन मोजायला कुठली कंपनी पैसे देणार, ते काही आम्हाला कळलं नाही.