जुन्या डब्यात नवी कॅसेट

नमस्कार मंडळी. टेबलावरचा हा राखाडी डबा तुमच्यातल्या चाळिशीच्या आसपासच्या लोकांनी बघताक्षणी ओळखला असणार. नव्वदच्या दशकात दिवाळीची सुट्टी लागली की हा टीव्हीला जोडला जायचा. आम्ही त्याला नुसतं ‘व्हिडिओ गेम’ म्हणायचो आणि त्यात जी खोचायची ती ‘कॅसेट’. कॅसेटवर ‘९९९९ इन १’ छापलेलं असायचं. आत खेळ जेमतेम पंधरा-वीस. तोच मारिओ एकदा दुसऱ्या पातळीपासून सुरू व्हायचा, एकदा पाचवीपासून, आणि दर वेळी नवा खेळ म्हणून मोजलेला. कॅसेट चालली नाही की फुंकर मारायची. खरं तर फुंकरीनं काही होत नसे, काढून पुन्हा बसवल्यानं पिना नीट टेकायच्या. पण फुंकर मारल्याशिवाय बसवायची छाती कोणाची होती!

हा डबा म्हणजे निन्टेन्डो कंपनीनं १९८३ साली जपानमध्ये आणलेल्या फॅमिकॉमची नक्कल. अमेरिकेत त्याचाच भाऊ एनईएस. जपानमध्ये फॅमिकॉमचं उत्पादन २००३ साली थांबलं. आणि माझ्या हातात जी कॅसेट आहे, तिच्यातला खेळ आहे २०१९ सालचा. ‘मायक्रो मेजेस’. जर्मनीतल्या मॉर्फकॅट गेम्सनं केलेला. ही कॅसेट अमेरिकी एनईएसच्या मापाची, तिला ७२ पिना, आपल्या डब्याला ६० पिनांची खाच, म्हणून मधे हा जोड लावलाय. बाकी काही फेरफार नाही.

हा अख्खा खेळ ४० केबीत बसतो. सांगणाऱ्याला सोपं वाटतं. माझं हे व्याख्यान, तासाभराचं, देवनागरीत टाइप केलं तर त्याची फाइल ४० केबीच्या पुढे जाईल, आणि त्यात कोणी उड्याही मारत नाही. ४० पैकी ३२ केबी प्रोग्रामला, ८ केबी चित्रांना. १९८५ चा पहिला सुपर मारिओ एवढ्याच जागेत होता. चित्रं म्हणजे आठ गुणिले आठ ठिपक्यांचे तुकडे, फरशीसारखे, एकूण ५१२. साधारण खेळात नायकाला असे चार तुकडे लागतात. यांनी नायकच एका तुकड्याचा केला. चार नायक एकाच वेळी किल्ला चढतात तरी खर्च किरकोळ. किल्ल्याचे पडदे तर अर्धेच साठवलेत. डावी बाजू कॅसेटमध्ये आहे, उजवी तिचंच आरशातलं प्रतिबिंब. खेळताना हे लक्षातही येत नाही. मला सांगितलं नसतं तर मला कळलं नसतं.

आता थोडं माझं. चार वर्षांपूर्वी मी या डब्यासाठी विटीदांडू लिहायला घेतला. घरी सगळ्यांनी विचारलं, याचे पैसे मिळणार का? नाही. मग कशाला? मी दिवसभर ऑफिसात ज्या प्रोग्रामवर काम करतो तो अख्खा कोणालाच माहीत नाही, मलाही नाही. हा डबा मात्र एका माणसाच्या डोक्यात मावतो. कामाची रॅम २ केबी. प्रोसेसर ६५०२ नावाच्या जुन्या चिपच्या घराण्यातला, त्याला बेरीज-वजाबाकी येते, गुणाकार-भागाकार येत नाही. गुणाकार हवा असेल तर पाढा करून कॅसेटमध्ये ठेवायचा. आजोबांच्या पिढीनं पावकी-निमकी पाठ केली ती याच न्यायानं, दर वेळी हिशेब मांडत बसायला नको म्हणून. आणि भागाकार? विटी किती दांडू लांब गेली हे काढायला मला भागाकार हवा होता. शेवटी मी अंतरातून एक-एक दांडू वजा करत गेलो. मैदानात वाकून दांडूनं मोजतो, अगदी तसंच.

मग एक गंमत झाली. विटी कोलली, हवेत गेली, झेलणारे चौघं एका रांगेत उभे, विटी खाली आली आणि झेल घ्यायच्या नेमक्या क्षणी गायब! आठवडा गेला चूक शोधण्यात. चूक नव्हतीच. हे यंत्र पडद्यावर एकूण ६४ हलते तुकडे ठेवू शकतं, पण एका आडव्या रेषेवर फक्त आठ. माझा प्रत्येक झेलणारा दोन तुकडे रुंद, चौघांचे झाले आठ. विटी नववी, म्हणजे रांगेबाहेर. यावर जुनाच तोडगा आहे. पडद्यावर नवं चित्र उमटताना दर वेळी तुकड्यांचा क्रम फिरवायचा, म्हणजे दर वेळी वेगळा कोणीतरी वगळला जातो आणि डोळ्याला नुसती लुकलुक दिसते. ‘कॉन्ट्रा’त गर्दी झाली की गोळ्या लुकलुकायच्या, आठवतंय? आम्ही टीव्हीच्या डोक्यावर थापा मारायचो. बिचाऱ्या टीव्हीचा काही दोष नव्हता.

एका यंत्रावरचा खेळ दुसऱ्यावर नेण्याचा उद्योग याहून वेडा. ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ जॉर्डन मेकनरनं १९८९ साली ॲपल टू या संगणकावर केला. कमोडोर ६४ या त्या काळच्या घरगुती संगणकावर तो कधी आलाच नव्हता. ‘मिस्टर सिड’ हे टोपणनाव घेतलेल्या एका प्रोग्रामरनं (सिड ही कमोडोरची आवाजाची चिप) तो २०११ साली आणला. मूळ प्रोग्राम हाताशी नव्हता. ॲपलचा नुसता यंत्राला कळणारा आकड्यांचा ढीग उलगडत त्यानं अडीचेक वर्षं काढली. दोन्ही यंत्रांचे प्रोसेसर एकाच कुळातले, तेवढीच मदत. आणि त्यानंतर काही महिन्यांतच, २०१२ च्या वसंतात, मेकनरच्या वडिलांना घरात एका खोक्यात मूळ प्रोग्रामच्या फ्लॉप्या सापडल्या! मेकनरनं तो प्रोग्राम सगळ्यांसाठी खुला करून टाकला. आपल्याकडे असं झालं असतं तर त्या माणसानं कपाळावर हात मारून घेतला असता. मला मात्र वाटतं, फ्लॉप्या आधी सापडल्या असत्या तर त्याची निम्मी मजा गेली असती.

सगळ्यांचं इतकं गोड होत नाही. कमोडोरवर मारिओ आणायला एकानं सात वर्षं घातली. २०१९ च्या एप्रिलमध्ये तो बाहेर आला आणि काही दिवसांतच निन्टेन्डोच्या कायदेशीर तक्रारीमुळे डाउनलोडच्या जागांवरून उतरवला गेला. मारिओ त्यांचा आहे, कायदा त्यांच्या बाजूचा, हे मान्य. तरी सात वर्षं डोळ्यांसमोरून जात नाहीत. म्हणून मी विटीदांडू निवडला. त्यावर कोणी हक्क सांगायला येणार नाही.

बरं, आता जरा दिवे मालवा, टीव्ही लावू. आधी ‘मायक्रो मेजेस’, मग माझा. कंट्रोलर दोन आहेत, पुढच्या रांगेतल्या मुलांनी या. दुसऱ्याचं उजवीकडचं बटण अडकतं, आधीच सांगतो, नंतर माझ्याशी भांडायचं नाही.