गाडी बुडेना, तेव्हा

श्रोतेहो, नमस्कार.

एकदा चित्रपटगृहात मी पडद्याऐवजी माणसं बघत बसलो होतो. सिनेमा आधी दोनदा पाहिलेला, खुर्ची पहिल्या रांगेत अगदी कडेची. मान मोडून वर बघण्यापेक्षा जरा तिरकं बसून मागे पाहणं सोयीचं होतं, एवढंच.

चित्रपट होता हिचकॉकचा १९६० सालचा ‘सायको’. पाऊण तास आपण जिच्या सोबत असतो, पोलीस दिसला की जिच्याबरोबर आपल्याही छातीत धडधडतं, त्या नायिकेचा मध्येच खून होतो. मग मोटेल सांभाळणारा तो लाजरा तरुण येतो. फरशी पुसतो, टब धुतो, हात स्वच्छ करतो, प्रेत तिच्याच गाडीच्या डिकीत घालतो आणि गाडी दलदलीत ढकलून देतो. गाडी हळूहळू आत जाते. आणि टप वर असतानाच थांबते.

नेमका तेव्हा मी प्रेक्षकांकडे बघत होतो. एका गृहस्थांची बोटं समोरच्या खुर्चीच्या पाठीवर आवळली गेली. शेजारच्या बाईंनी ओठ दातांखाली धरला होता. कुणी हलेना. मग गाडी पुन्हा सरकली, बुडाली, आणि रांगारांगांतून सुटलेला श्वास मला स्पष्ट ऐकू आला.

आता हा श्वास कशाचा? खुनाचा पुरावा नाहीसा झाला, त्याच्या सुटकेचा! आणि ही माणसं काही दरोडेखोर नव्हती. घरी जाऊन दाराला दोनदा कडी लावणारी साधी माणसं. तो पोरगा आईचा गुन्हा झाकतोय अशी आपली त्या वेळी समजूत असते, हे मान्य. पण जिच्यासाठी आत्ता जीव कासावीस झाला होता ती त्याच गाडीच्या डिकीत आहे, हेही आपल्याला ठाऊक असतंच की.

यात दिग्दर्शकाची लबाडी काय आहे, तर तो आपल्याला त्या तरुणाचं काम सावकाश, बारकाव्यानिशी बघायला लावतो. मला वाटतं, कुणालाही मन लावून काम करताना बराच वेळ पाहिलं, की ते तडीला जावं असं वाटायलाच लागतं. मग काम भिंत रंगवण्याचं असो नाहीतर रक्त पुसण्याचं. आपण समजतो की आधी आपण न्यायनिवाडा करतो आणि मग कुणाची तरी बाजू घेतो. खुर्चीच्या पाठीवरची ती बोटं वेगळंच सांगत होती. ज्याच्या जवळ बसवलं त्याचे आपण होतो. निवाडा मागाहून, सवडीनं, आणि बहुधा त्याच्याच सोयीचा.

न. चिं. केळकरांनी १९२१ साली बडोद्याच्या साहित्य संमेलनात ‘सविकल्प समाधी’ची कल्पना मांडली होती. आपलं मीपण न सोडता दुसऱ्याच्या भूमिकेत शिरणं, आणि वाङ्मयाचा आनंद त्यातच. सुंदर कल्पना आहे. फक्त त्या अंधारात मला शंका आली की त्यातला विकल्प, म्हणजे ते न सोडलेलं मीपण, जागा असतो की पेंगत असतो!

बरं, जवळ बसायला माणूसच हवा असंही नाही. १९४४ साली हायडर आणि सिमेल या दोन मानसशास्त्रज्ञांनी एक छोटी फिल्म दाखवली. एक मोठा त्रिकोण, एक छोटा त्रिकोण, एक वर्तुळ, आणि दार उघडणारी एक चौकट. बस्स. काय पाहिलंत, असं विचारल्यावर पहिल्या गटातल्या ३४ जणांपैकी फक्त एकानं भूमितीच्या भाषेत उत्तर दिलं. बाकीच्यांना तिथे दांडगाई दिसली, भीती दिसली, काहींना तर प्रेमाची भानगडसुद्धा. त्या एकट्या माणसाला भेटायला मला फार आवडलं असतं.

म्हणजे त्रिकोणावर माया करू शकणारं मन आपल्याकडे आहे. मग ते बाहेर कुठे जातं? विल्यम जेम्स यांनी १८९०च्या आपल्या मानसशास्त्राच्या ग्रंथात एका रशियन बाईचा दाखला दिलाय. ती नाटकातल्या पात्रांसाठी आत रडतेय, आणि बाहेर तिचा गाडीवान गाडीवरच थंडीनं गोठून मरतोय. वक्त्यांचा हा लाडका दाखला. ऐकणारे त्या बाईला दोन शिव्या घालतात आणि हलके होतात. मला मात्र तिचं रडणं खोटं वाटत नाही. गाडीत बसल्यावर तिला गाडीवानाची काय दिसत असेल? पाठ. वर्षानुवर्षं पाठच. पाठीचा क्लोजअप कोण घेतो?

आणि चेहरा दिसला म्हणजे सगळं कळलं, असंही समजू नका. लेव कुलेशोव या सोव्हिएत दिग्दर्शकानं एका नटाचा निर्विकार चेहरा घेतला. एकदा त्याला सुपाच्या थाळीचं दृश्य जोडलं, एकदा शवपेटीचं. लोकांना एकदा तो विचारमग्न दिसला, एकदा दुःखी, आणि त्यांनी अभिनयाची तारीफ केली, असं त्याचे शिष्य पुदोवकिन यांनी लिहून ठेवलंय. चेहरा तोच होता. दुःख प्रेक्षकांनी घरून आणलेलं!

परवा रात्री एक फार रडवणारा चित्रपट बघून मी टॅक्सीत बसलो. पुढे ड्रायव्हरची पाठ, वर छोट्या आरशात त्याचे नुसते डोळे. लाल, पाणावलेले. दिव्यांचा उजेड पडला की चमकायचे. माझं मन भरूनच आलेलं. याच्या घरी कोण आजारी असेल, कोण गेलं असेल, असं सगळं मी दोन चौकांत रचून टाकलं. शेवटी राहवेना. म्हटलं, “दादा, सगळं ठीक आहे ना?”

सिग्नलला गाडी थांबली होती. त्यानं पहिल्यांदाच पूर्ण मान वळवली. चांगला हसरा, गोल चेहरा.

“डोळ्यात कचरा गेलाय हो दुपारपासून,” तो म्हणाला. “चोळचोळ चोळला. तुमचे का लाल झालेत?”