पैदाशीचे ससे, उन्हाळा आणि निपलमधले पाणी

विदर्भातली मे महिन्याची दुपार. पिंजऱ्याच्या जाळीवर पाय पसरून पडलेल्या या पांढऱ्या नराच्या नाकपुड्या भराभर हलत आहेत आणि कानांवरच्या शिरा फुगून ठळक दिसत आहेत. सशाला घाम जवळजवळ येतच नसल्याने अंगातली उष्णता बाहेर टाकायला कान आणि श्वास एवढाच त्याचा आधार असतो. शेडमधले तापमान 30 अंशांपुढे गेले की तो अपुरा पडू लागतो; 35 अंशांनंतर ससा दगावण्याचीच भीती असते.

पैदाशीचे नुकसान त्याआधीच सुरू होते. मादीचे खाणे आणि दूध कमी होते, पिल्लांची संख्या घटते. नराचे नुकसान मात्र उशिरा उघड होते, कारण शुक्राणू तयार व्हायला साधारण 7 आठवडे लागतात. मे महिन्यातला फटका पावसाळा लागल्यावर, मादी गाभण न राहिल्याने लक्षात येतो आणि दोष मादीच्या माथी मारला जातो. म्हणूनच पिण्याच्या पाण्यात मिसळायची पूरके, म्हणजे क्षार आणि क जीवनसत्त्व, ऊन तापण्याआधीच सुरू करणे शहाणपणाचे.

धापेमुळे रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होऊन क्षारांचा तोल बिघडतो, तो सावरण्यासाठी इलेक्ट्रोलाइट पावडर, म्हणजे क्षारांची भुकटी, दिली जाते. क जीवनसत्त्व ससा स्वतःच्या यकृतात तयार करतो, परंतु उष्णतेच्या ताणात ते कमी पडू शकते, म्हणून तेही पाण्यात मिसळतात. मात्रा पशुवैद्यकाकडूनच ठरवून घ्यावी. कोंबड्यांच्या पुडीवरचे प्रमाण सशांना तसेच लावू नये.

खरी मेख पाइपात आहे. छताच्या पत्र्यालगत गेलेल्या या काळ्या पाइपाच्या निपलवर, म्हणजे ससा तोंडाने दाबून पाणी पितो त्या छोट्या तोटीवर, बोट दाबले, तर पाण्याचा चटका बसतो. असे पाणी ससा टाळतो, मग त्यात कितीही महागडी पावडर असो. पाइपावर ओले गोणपाट बांधावे, टाकी सावलीत ठेवावी. क जीवनसत्त्व उजेडात, उष्णतेत आणि क्लोरीनच्या पाण्यात लवकर नासते, तर ग्लुकोज घातलेल्या पाण्याने पाइपात बुळबुळीत थर धरतो, त्यामुळे मिश्रण रोज ताजे करावे आणि पाइप धुऊन घ्यावा. ससे मुख्यतः संध्याकाळी व रात्री खातात-पितात. मिश्रण तेव्हाच द्यावे आणि दुपारी साधे गार पाणी ठेवावे. सकाळी टाकीतली पातळी नेहमीपेक्षा कमी उतरलेली दिसली, तर सशांना चव रुचलेली नसण्याची शक्यता धरून तेवढा वेळ साधेच पाणी सुरू करावे.