मुठेलावरची सुरंगी

(दृश्य : कोकणातलं आरवली, उजाडताना. झाडाखाली जुनं लुगडं अंथरलेलं.)

सुरंगी शेंड्याला फुलत नाही. जून फांदीच्या सालीलाच घोस फुटतात, म्हणून काढणारा पार झाडात शिरतो. काका वर आहेत. खाली टपटप पडतायत ते कळे. व्यापाऱ्याला मिटलेले लागतात. उमललेली फुलं वळेसराला, म्हणजे गजऱ्याला.

हा एक कळा हातात घेऊन बघा. मिरीदाण्याहून जरा मोठा. वरचं टरफल दोन फाकांत उकलतं आणि पांढऱ्या पाकळ्यांतून पिवळे केसर बाहेर येतात. सुकला तरी वास जात नाही. सुकलेले कळे बाजारात 'तांबडं नागकेसर' म्हणून जातात. औषधाला, रेशीम रंगवायला, अत्तराला.

काका वरून ओरडतात, "फांदी मोडू नको गो चेडवा, फुडल्या वर्सा कळे खंय येतले?"

यंदा या परसातले कळे व्यापाऱ्याकडे गेलेले नाहीत. ताई सुरंगीचं अत्तर करतेय, घरीच.

(दृश्य : पडवी. काचा, सुरी, पांढरा गोळा.)

ताईच्या डोक्यात भूमध्य समुद्राकाठची एक बाग आहे. कडू संत्र्याचा फुलोरा, चमेली, रोझमेरी, दगडी कुंपण, पलीकडे पाणी. तिकडे आमचा कॅमेरा गेलेला नाही. पण दक्षिण फ्रान्समधल्या ग्रास या गावाबद्दल सांगायलाच हवं. ते मूळचं कातडं कमावणाऱ्यांचं गाव. हातमोज्यांची दुर्गंधी झाकायला सुगंध आणला आणि हळूहळू गावाचा धंदाच बदलला. २०१८ साली तिथल्या अत्तरविद्येला युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत जागा मिळाली. आणि ज्या चमेलीसाठी ते गाव ओळखलं जातं, ती म्हणजे आपल्या परसातली जाई. जात एकच.

जाईला आच सोसत नाही. म्हणून ग्रासमध्ये काचेवर चरबी थापून त्यावर फुलं मांडत. चरबी वास पिऊन घेई. ताईने आधी सुरंगी तांब्याच्या भांड्यात उकळून पाहिली होती. निघालं ते उकडलेल्या पाल्यासारखं. मग तिने काचा काढल्या, घरातल्या जुन्या कपाटाच्या.

चरबी मात्र इथली. हा पांढरा गोळा म्हणजे मुठेल, कोकमाच्या बियांचं तेल. मुठीत दाबून वळतात म्हणून मुठेल. आपण ते पायांच्या भेगांना लावत आलो. मार्चच्या उकाड्यात खोबरेल पाण्यासारखं वाहतं. मुठेल वितळायला ४० अंशांच्या आसपास ऊब लागते. नुसतं मुठेल काचेवर तडकतं, म्हणून त्यात थोडं खोबरेल. हाताला लोण्यासारखं लागलं की जमलं.

आता फुलं. उमलती, कोरडी, एकेक करून पालथी. दवाचा एक थेंब राहिला तरी बुरशी. दुसऱ्या दिवशी चिमट्याने जुनी उचलायची, नवी मांडायची, बहर संपेपर्यंत. जाईच्या काचा गेल्या पावसाळ्यात झाल्या; निम्म्यांवर बुरशी आली म्हणतात. तेव्हा आम्ही नव्हतो.

मुठेल वासाने भरलं की स्पिरिटमध्ये घुसळायचं. स्पिरिट वास ओढून घेतं, चरबी मागे राहते. मग थंड करून गाळायचं. त्यासाठी फ्रीजमधला सुकटाचा डबा सध्या शेजारी मुक्कामाला आहे.

संत्र्याच्या फुलोऱ्याचं एक किलो तेल काढायला साधारण १,००० किलो फुलं लागतात. तो नाद ताईने धरला नाही. त्या जागी लिंबाच्या कुळातल्या महाळुंगाची साल. बुडाशी वाळा. मध्ये जाई आणि सुरंगी. कुंपण म्हणाल तर चिऱ्यांचा गडगा आहेच, आणि समुद्र माडांपलीकडे.

सुरंगी मूळची पश्चिम घाटाची. वाडीतली बरीचशी झाडं काजूच्या कलमांसाठी गेली.

(दृश्य : सोपा. ताई बाटलीचं बूच काकींच्या मनगटाला लावते.)

बाटलीला अजून नाव नाही. काकींच्या अंबाड्यात सकाळचा वळेसर आहे.

(काकी आधी मनगट हुंगतात, मग वळेसर चाचपतात. निवेदन नाही.)