थोरलीची पुस्तके

श्रोतेहो,

धाकट्या भावंडांच्या ओळखीविषयी बोलायचे, तर मला जुन्या पुस्तकांपासूनच सुरुवात करावी लागेल, आणि या सभागृहात जे धाकटे असतील त्यांना त्याचे कारण सांगावे लागणार नाही. दर जूनमध्ये नवी पुस्तके ताईला येत आणि तिची दोन वर्षांपूर्वीची, खाकी कव्हर बदलून, मला मिळत. पहिल्या पानावरचे तिचे नाव वडील एका रेघेने खोडून खाली माझे लिहीत. पण गणिताच्या पुस्तकात प्रत्येक उदाहरणाशेजारी तिने पेन्सिलीने लिहिलेले उत्तर तसेच राही, आणि ते नेहमी बरोबर असे. आठवीच्या पहिल्या दिवशी गणिताच्या बाई हजेरी घेताना माझ्या आडनावापाशी थांबल्या, "तू तिची धाकटी ना? मग तुला काय शिकवायचे!" असे कौतुकाने म्हणाल्या, आणि पहिल्या चाचणीत मला पंचवीसपैकी सोळा गुण पडले तेव्हा त्यांनी एवढेच विचारले, "ताईला दाखवलास का पेपर?" बाई प्रेमळच होत्या. तरीही तो प्रश्न मी विसरलेले नाही.

तेव्हापासून मी सर्वांना सांगू लागले की मला गणित आवडत नाही. हे खरे नव्हते. ताई झोपल्यावर मी तिची उत्तरे रबराने पुसून तीच उदाहरणे नव्याने सोडवीत असे. पुढे तिने विज्ञान शाखा घेतली म्हणून मी कला शाखा घेतली. दोघी बहिणी किती वेगळ्या, असे पाहुणे म्हणत आणि आपण सुटलो असे मला वाटे.

मी सुटले नव्हते. पदवीनंतर सोलापूरच्या पूर्वभागात एका तेलुगू कुटुंबाच्या चादरीच्या कारखान्यात मी हिशेब लिहू लागले, आणि तिथे जॅकार्डची, म्हणजे भोके पाडलेल्या पट्ट्यांवरून नक्षी विणणाऱ्या यंत्राची, नक्षी चौकटीच्या कागदावर कशी उतरवतात ते प्रथम पाहिले. कागदावरची एक आडवी ओळ म्हणजे पुठ्ठ्याची एक पट्टी. चौकट भरलेली आहे की रिकामी यावर तिथे भोक पडणार की नाही ते ठरते. आणि आपल्या दुहेरी विणीच्या चादरीत एका बाजूला जो रंग फुलाचा, तोच उलट्या बाजूला फुलामागच्या जमिनीचा होतो. हे सारे मोजण्यात माझी दुपार कशी जाई ते कळत नसे. माझी ताई कोण, हे त्या मालकांना ठाऊकच नव्हते.

वेळ संपत आल्याची चिठ्ठी आली आहे, तेव्हा जे सविस्तर मांडणार होते ते थोडक्यात सांगते. 1976 साली फ्रान्सिस शॅक्टर या अमेरिकी संशोधिकेने दाखवले की भावंडे, विशेषतः पहिली दोन आणि त्यातही दोघे भाऊ किंवा दोघी बहिणी असल्यास, स्वतःला एकमेकांपासून वेगळे ठरवतात. त्यामुळे घरातली तुलना निवते, हे मी मान्य करते. माझे म्हणणे इतकेच आहे की थोरल्याच्या नेमके उलट जाणाऱ्याचे मापही थोरल्याच्याच पट्टीने घेतलेले असते. मुक्ताबाईंकडे पाहा: तेच घर, तोच गुरू, तोच अभंग, पाठीशी तीन थोरले भाऊ, त्यांनी दुसरी वाट शोधली नाही, आणि तरीही ज्ञानेश्वरांनी ताटी लावून घेतली तेव्हा ती उघडायला लावणारा आवाज त्यांचाच होता. चांगदेवांसारख्या वृद्ध योग्याने त्यांनाच गुरू मानले, असे परंपरा सांगते.

गेल्या संक्रांतीला ताई सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेसाठी आली होती. माझ्या टेबलावरचा चौकटीचा कागद तिने बराच वेळ पाहिला आणि विचारले, "अर्धा मोर उलटवून पूर्ण करताना मधली ओळ दोनदा मोजायची की एकदा?"

एकदाच, असे मी तिला सांगितले, आणि तिने कागद जवळ ओढून पुन्हा मोजायला घेतले.