वीतभर उंचीची आयरिस

एप्रिलच्या अखेरीस अमेरिकेतील इंडियाना राज्यात मोठ्या झाडांना जेमतेम पालवी फुटू लागते, तेव्हा घरामागच्या या वाफ्यात बुटकी आयरिस पूर्ण बहरात असते. तिच्या तीन पाकळ्या वर उभ्या राहून एकमेकींकडे झुकतात, तीन खाली ओघळतात आणि खालच्या प्रत्येक पाकळीच्या मुळाशी मऊ केसांचा पट्टा असतो. या केसांमुळेच तिला ‘दाढीवाली’ म्हणतात. मधमाशी या केसांवरून आत शिरते आणि पाठीवर पराग घेऊन बाहेर येते.

उंची वीतभर, फार तर दोन विती. उंच आयरिसप्रमाणे तिला वाऱ्यापावसात काठीचा आधार लागत नाही. घराच्या लहानशा बागेत तिला मानाची जागा मिळावी, असे आम्हाला मनापासून वाटते.

ही जात याच राज्यातील ब्लफ्टन गावी आकाराला आली. आयरिस प्युमिला ही पूर्व युरोपातील माळरानांवरची ठेंगणी रानजात उंच आयरिसच्या काही आठवडे आधी फुलते, त्यामुळे एका बागेत दोघींची गाठ पडणे अवघड. दक्षिणेकडे फुले लवकर येतात, म्हणून ब्लफ्टनचे पॉल कुक आणि दक्षिणेकडील टेनेसी राज्यातल्या नॅशव्हिलचे गेडिस डग्लस या आयरिसच्या संकरकारांनी परागांची देवाणघेवाण करून हा संकर साधला. ३२ आणि ४८ गुणसूत्रांच्या या दोन जातींची ४० गुणसूत्रांची संतती वांझ निघाली नाही, हे त्यातले मोठे यश. पांढऱ्या पाकळीवर हिरवा ठिपका मिरवणारी कुक यांची ‘ग्रीन स्पॉट’ १९५१ मध्ये बागाइतदारांच्या हाती आली.

दर तीन-चार वर्षांनी ऑगस्टमध्ये गर्दी झालेले कंद उकरून हातानेच मोडून वेगळे करतात, जुना निष्पर्ण भाग टाकून देतात आणि पाने निम्म्यावर कापतात. आले-हळद लावणाऱ्या आपल्या हाताला कंद मातीत गाडण्याची सवय असते. इथे ती मोडावी लागते. खड्ड्यात मातीचा लहान उंचवटा करून त्यावर कंद बसवायचा, मुळे दोन्ही बाजूंनी खाली सोडायची, माती घट्ट दाबायची आणि कंदाची पाठ मात्र उन्हाला उघडी ठेवायची. ओल साचली की कंद कुजतो आणि अळी लागली तर तो आतून पोकळ होतो. असे कंद काढूनच टाकावे लागतात.

लावणीनंतर एकदा भरपूर पाणी दिले जाते. दोन-तीन आठवड्यांनी कापलेल्या पानांच्या मधोमध कोवळे हिरवे पाते वर आले, म्हणजे कंदाने मूळ धरले.